लैंगिक शोषण, तक्रार आणि मदत: खान्देशातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अंगणवाडीच्या ओट्यावर, दवाखान्याच्या रांगेत, कोर्टाच्या व्हरांड्यात लोक जे प्रश्न परत परत विचारतात ते इथं एका जागी लिहिलेत. आम्ही कुठल्या खात्याचे नाही, सोबत जाणारे लोक आहोत. कायद्याची कलमं पाठ करायची गरज नाही, पण कोणाचं काम काय ते माहीत असलं की समोरचा टोलवू शकत नाही.

आत्ताच कळलंय, हातपाय गळालेत. पहिला फोन कुणाला?

जीवाला धोका असेल, माणूस अजून आसपास असेल तर ११२. पोरगी किंवा पोरगा अठराच्या आतला असेल तर १०९८, ही चाईल्ड हेल्पलाईन चोवीस तास चालते. बाई सज्ञान असेल तर १८१. रेल्वेत किंवा स्टेशनवर असाल तर १३९. कोणता नंबर बरोबर यात पाच मिनिटं घालवू नका, चुकीचा लागला तरी ते पुढे जोडून देतात. आणि फोन करण्याआधी पोरीला पाण्याचा ग्लास द्या, तिच्याजवळ बसा, "का गेली होतीस तिकडे" हे विचारू नका, तो प्रश्न कधीच विचारू नका.

पोलीस आहेत ना, मग हे एवढे सगळे विभाग कशाला मध्ये?

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि तो रास्त आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. चौदा वर्षांची मुलगी धरा. ती आधी आश्रमशाळेतल्या बाईंना सांगते, बाई मुख्याध्यापकांना सांगायला लावतात, मग पोलीस, मग दवाखान्यात डॉक्टर, मग बालकल्याण समिती (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती), मग मॅजिस्ट्रेटसमोर जबाब आणि वर्षभराने कोर्ट. प्रत्येक जण म्हणतो "काय झालं, सांग बेटा". चौथ्या-पाचव्या वेळेला पोरगी एकतर गप्प होते नाहीतर मधलं काहीतरी गाळून लवकर मोकळी व्हायला बघते, आणि तोच फरक धरून आरोपीचा वकील म्हणतो की ही खोटं बोलते. म्हणजे सगळे मदतच करतायत, पण एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून मदतीचाच त्रास होतो.

कायद्याने यावर उपाय करून ठेवलाय. पॉक्सो कायद्यात, म्हणजे २०१२ च्या बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचंय. समितीने मुलीच्या आणि पालकांच्या संमतीने एक सहाय्यक व्यक्ती नेमायची, जी पोलीस, दवाखाना, कोर्ट सगळीकडे सोबत असते, तारखा सांगते, केस कुठवर आली ते घरच्यांना समजावते. शिवाय जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एका छताखाली मिळावा ही कल्पना आहे. या गोष्टी मागून घ्याव्या लागतात. सहाय्यक व्यक्ती कोण नेमली हे समितीला थेट विचारा, नसेल नेमली तर लेखी अर्ज द्या, साध्या कागदावर चालतो.

आणि पहिल्यांदा ज्याला कळलं त्याने चौकशी अधिकारी व्हायचं नाही. ऐकायचं, तिचेच शब्द तारीख-वेळ टाकून लिहून ठेवायचे आणि पुढे द्यायचे, एवढंच. त्या एका कागदाने पुढचे दोन-तीन "सांग बेटा" वाचतात.

गुन्हा गुजरातमध्ये घडला, ऊसतोडीला गेलो होतो. आता गावी आलोय तर इथले पोलीस घेतील का?

घ्यावाच लागतो. याला झिरो एफआयआर म्हणतात, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (कलम १७३) तो स्पष्ट लिहिलाय. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, तुम्ही मोलगीला द्या, तळोद्याला द्या, शहाद्याला द्या, ते नोंदवतील आणि मग जिथली हद्द तिथं पाठवतील. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. "चौकशी करून बघू, मग गुन्हा दाखल करू" असं म्हणाले तर सांगा की दखलपात्र गुन्ह्यात (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) एफआयआर घ्यावाच लागतो हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच ललिताकुमारीच्या केसमध्ये ठरवून दिलंय. तरी नाही घेतला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज, पोस्टाने पाठवला तरी चालतो.

अक्कलकुवा, धडगावकडची अर्धी अर्धी गावं दिवाळीनंतर रिकामी होतात, कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी कापूस वेचायला. पोरी पालात राहतात, दाराला कडी नाही, मुकादमाकडून उचल घेतलेली असते त्यामुळे त्याच्या विरोधात बोलायची कुणाची छाती होत नाही. म्हणून आमचं म्हणणं असं की निघायच्या आधीच अंगणवाडीत किंवा ग्रामपंचायतीत कोण कुठे, कोणत्या मुकादमाबरोबर चाललंय, सोबत किती लेकरं, हे एका वहीत लिहून घ्यावं. उद्या काही झालं तर कुठे शोधायचं ते तरी कळतं.

पोरीला पोलीस स्टेशनला रात्रभर बसवतील का?

नाही. अठराच्या आतल्या मुलाला किंवा मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी, शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, वर्दी न घालता आणि आईबाप किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असताना घ्यायचा असतो. आरोपी तिच्या नजरेसमोर येणार नाही हेही त्यांनीच बघायचं.

दवाखान्यात म्हणाले आधी एफआयआर आणा. काय करायचं?

कॅज्युअल्टीतच उभं राहायचं आणि सांगायचं की एफआयआर नसला तरी तपासणी आणि उपचार होतात. अशा पीडितेवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्याने लगेच आणि फुकट उपचार करायचेत, नाकारले तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. धुळ्याला भाऊसाहेब हिरे मेडिकल कॉलेज, जळगाव आणि नंदुरबारलाही सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तालुक्यातून तिकडे पाठवत असतील तर आधी प्राथमिक उपचार आणि चिठ्ठी घ्या, नुसतं तोंडी "तिकडे जा" यावर निघू नका.

आता काही गोष्टी ज्या घाईत राहून जातात. शक्य असेल तर तपासणीआधी आंघोळ घालू नका, आईला वाटतं पोरीला स्वच्छ करावं आणि ते साहजिकच आहे, पण थांबा. अंगावरचे कपडे बदलायचे असतील तर कागदात गुंडाळा, रद्दी पेपर चालेल, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका कारण ओल धरून नमुने खराब होतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही टाळायची औषधं जितक्या लवकर तितकी बरी, एचआयव्हीची तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा. नमुने साधारण चार दिवसांपर्यंत मिळू शकतात. म्हणून उशीर झाला असेल तर घरी बसायचं असं मात्र नाही, महिन्याने गेलात तरी केस होते आणि उपचारही होतात. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. ती जुनी 'दोन बोटांची' तपासणी कुणी करत असेल तर थांबवा, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरा असं सांगितलंय. सज्ञान बाईने तपासणीला नाही म्हटलं तरी उपचार नाकारता येत नाहीत.

दिवस गेले असतील तर २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात होतो. त्यापुढे मेडिकल बोर्ड आणि हायकोर्ट लागतं, तेव्हा एक दिवसही घालवू नका.

तिला फक्त पावरी येते. साहेब मराठीत विचारतात, ती नुसती मान हलवते.

मान हलवली म्हणजे हो झालं असं लिहून घेतलेले जबाब आम्ही पाहिलेत आणि त्याचं फार वाईट वाटतं, कारण कोर्टात तोच कागद तिच्या विरोधात जातो. पॉक्सोत दुभाषा द्यायची तरतूद आहे, मुलीला समजेल अशा भाषेत लिहिलं गेलं पाहिजे, गरज पडली तर दुभाष्याची फी पण सरकारने द्यायची. पावरी, भिली, मावची, तडवी, अहिराणी, आपल्याकडे दर वीस किलोमीटरला बोली बदलते. दुभाषा नात्यातला नको, आरोपीच्या गावचा तर नकोच. आश्रमशाळेतली एखादी शिक्षिका, नर्स, आशाताई चालते. आणि काही शब्द पोरी कुठल्याच भाषेत बोलत नाहीत, बाहुली किंवा चित्र दाखवून, "इथं" एवढं बोट ठेवून सांगतात, ते तसंच्या तसं लिहायला सांगा.

पंच बसले, गावातच मिटवायचं म्हणतात. दंड भरायला तो तयार आहे.

"पोरनी जिंदगी खराब व्हई जाई, लोके काय म्हनतीन" हे वाक्य सगळ्यात आधी तिची स्वतःची माणसंच बोलतात, आणि ते दुष्टपणाने नाही तर भीतीने बोलतात, हे कळतं. पण हा गुन्हा मिटवता येत नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अशी केस दोन्ही बाजूंच्या तडजोडीवर रद्द होत नाही. पंचांनी घेतलेला दंड पोरीला मिळतही नाही, आणि तो माणूस तिथंच राहतो, त्याच हातपंपावर, त्याच रस्त्यावर, पुढची पोर त्याच्या समोरून शाळेत जाते.

तक्रार केली म्हणून वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा आहे, २०१६ चा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजना आहे, त्याचा निर्णय जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती घेते. पीडित आदिवासी किंवा अनुसूचित जातीची असेल आणि आरोपी त्या समाजांतला नसेल तर अॅट्रॉसिटीची कलमं लागतात का ते तपासून घ्या, मग तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि अर्थसाहाय्यही वेगळं मिळतं.

फोटो काढलेत, व्हायरल करीन म्हणतो.

खान्देशाला हे नवीन नाही. १९९४ मध्ये जळगावचं लैंगिक शोषणाचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मोबाईल नव्हते, तरी फोटोंच्या धाकावर मुलींना वर्षानुवर्षं गप्प ठेवलं होतं. मीरां बोरवणकरांसारख्या पोलीस अधिकारी तपासात होत्या, तरीसुद्धा बदनामीच्या भीतीने बऱ्याच जणी पुढे आल्याच नाहीत. फोटोचा धाक तोच आहे, फक्त आता एका क्लिकवर आलाय.

पैसे देऊ नका, भेटायला जाऊ नका, आणि घाबरून चॅट डिलीट करू नका, तोच पुरावा आहे. स्क्रीनशॉट, नंबर, प्रोफाईलची लिंक ठेवा, १९३० ला फोन करा किंवा सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाका, महिला आणि मुलांच्या तक्रारी तिथं नाव न देताही करता येतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर तसला फोटो दुसऱ्याला "बघ, काय चाललंय" म्हणून पाठवणाराही गुन्ह्यात अडकतो. आईबापांना एकच विनंती, पोरीचा मोबाईल काढून घेऊन तिला घरात कोंडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती तुम्हाला सांगणारच नाही.

पेपरमध्ये नाव येईल का?

छापता येत नाही. नाव, फोटो, शाळा, गल्ली, ओळख पटेल असं काहीच नाही. हा नियम पत्रकारांइतकाच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपला पण लागू आहे. "अमुक सरांची पुतणी" असं लिहिणंही ओळख फोडणंच आहे. मोर्चा काढणाऱ्यांनी, बॅनर लावणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्या, हेतू चांगला असला तरी पोरीला त्याच गावात राहायचंय.

मी शिक्षिका आहे / आशा आहे / डॉक्टर आहे. मी कळवलं आणि खोटं निघालं तर?

चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, तसं कायद्यातच लिहिलंय. उलट माहीत असून पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर वर्षभरापर्यंत. "आधी संस्थाचालकांना विचारते" असं कायद्यात कुठेच नाही. आश्रमशाळा असेल तर पोलिसांना कळवून मग तळोदा, नंदुरबार, धुळे, यावल यापैकी जो आदिवासी विकास प्रकल्प असेल त्या प्रकल्प कार्यालयाला कळवा. आधी पोलीस, मग कार्यालय, हा क्रम उलटा करू नका. शाळेतली सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) कागदावर आहे की खरंच बसते ते पालकांनीही विचारावं.

पोरगी कालपासून घरी नाही. चोवीस तास थांबा म्हणाले.

थांबायचं नाही. अल्पवयीन मूल हरवलं तर सरळ अपहरणाचा गुन्हा नोंदवून शोध सुरू करायचा असतो. त्याच वेळी रेल्वेला कळवा. भुसावळहून गाडी नागपूरकडे, इटारसीकडे, मुंबईकडे आणि सुरतेकडे जाते, रात्रभरात पोर या चारपैकी कुठल्याही दिशेला लांब गेलेली असू शकते. रेल्वे सुरक्षा बल, लोहमार्ग पोलीस आणि जिल्हा पोलीस हे तीन वेगवेगळे आहेत, एकाला सांगितलं म्हणजे तिघांना कळलं असं धरून चालू नका. अलीकडचा फोटो आणि अंगावर काय कपडे होते हे तिघांनाही द्या. सारंगखेड्यासारख्या यात्रेत लेकराच्या खिशात चिठ्ठीवर आपला नंबर ठेवा.

आखाजीला (अक्षय तृतीयेला) सोळाव्या वर्षी लग्न लावतायत. याचा शोषणाशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. अठराच्या आतल्या बायकोशी नवऱ्याने संबंध ठेवला तरी तो बलात्कारच, हे २०१७ पासून स्पष्ट आहे. खेड्यात ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना किंवा १०९८ ला कळवा, तुमचं नाव सांगायची गरज नाही. अक्षय तृतीयेच्या महिनाभर आधी मंडपवाले, आचारी, बँडवाले, भटजी, पत्रिका छापणारे यांना बोलावून वयाचा दाखला बघायला सांगितलं तर पोलिसांनी मांडवात जाण्याइतकाच फरक पडतो.

अजून एक. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. ती पोरं आता लग्नाच्या वयाकडे येतायत, मुली मिळणं अवघड झालंय, आणि पैसे घेऊन लांबच्या गरीब घरातली मुलगी आणून देणारे एजंट फिरतायत. फसवून किंवा गरिबीचा फायदा घेऊन मुलगी आणली आणि तिचं शोषण झालं तर ती मानवी तस्करी आहे, मध्ये हार घातले म्हणून लग्न होत नाही.

दोघं सतरा-अठराचे, मर्जीने पळून गेले. तरी पॉक्सो?

हो, अठराच्या आत संमती कायदा मानत नाही. अशा केसेस खूप येतात आणि मला त्या सगळ्यात अवघड वाटतात. मुलीला घरी जायचं नसतं, घरच्यांना सूड हवा असतो. तिला बालकल्याण समितीपुढे स्वतःचं बोलू द्या, घरी मारतील अशी भीती असेल तर ते तिथं सांगता येतं, बालगृहात राहता येतं.

मुलावर अत्याचार झाला तर हेच सगळं लागू आहे?

हो. पॉक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. मुलगे तर अजूनच उशिरा सांगतात.

जिनिंगमध्ये मुकादम त्रास देतो, बाई चाळीसची आहे. ती कुठे जाईल?

दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तर तिथं अंतर्गत समिती हवी. कमी असतील, किंवा शेतात, घरकामाला, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे चौकशी करा. तक्रार तीन महिन्यांत करायची. हात लावला, धमकावलं तर समितीसोबत पोलिसातही जाता येतं, एकाने दुसरं थांबत नाही.

पैशाचं काय? कामाचे दिवस बुडतात.

मनोधैर्य योजना, २०१३ पासून. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला यासाठी, प्रकारानुसार दहा लाखांपर्यंत. निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरण घेतं, ते जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं. आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबावं लागत नाही. पॉक्सोत तर लगेचच्या गरजेसाठी, म्हणजे अन्न, कपडे, प्रवास, बालकल्याण समिती तातडीची रक्कम सुचवू शकते. वकीलही फुकट: बाई, मूल, आदिवासी यांना उत्पन्नाची अट नाही, १५१०० ला फोन करा. बँक खातं आणि आधार नसल्यामुळे मंजूर पैसे अडकतात, ते काम पहिल्याच आठवड्यात उरकून घ्या.

कोर्टात त्याच्यासमोर उभं राहावं लागेल का?

नाही. मध्ये पडदा किंवा व्हिडिओ लावतात, दार बंद करून सुनावणी होते, वकिलाने प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारायचे असतात. खरी अडचण व्हरांड्यात असते. एकच बाक, त्यावर आरोपीची माणसं आधीच येऊन बसलेली, आई पोरीला पदराआड घेऊन जिन्याखाली उभी. वेगळ्या खोलीत बसवा अशी विनंती सरकारी वकिलांना आदल्या दिवशीच करून ठेवा. साक्ष शक्यतो ३० दिवसांत आणि केस शक्यतो वर्षात संपवावी असं कायदा म्हणतो. लांबलं तर मधल्या काळात पोरीची शाळा चालू ठेवा. झोप लागत नसेल, दचकत असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, १४४१६, फुकट आहे.

आमच्या तालुक्यात सगळ्यांना एकत्र आणायचं तर सुरुवात कुठून?

मोठ्या कार्यशाळेने नाही. ठाण्यातल्या महिला अधिकारी, ग्रामीण रुग्णालयातले एक डॉक्टर, बाल संरक्षण कक्षाचं माणूस, विधी सेवेचे वकील, गटशिक्षण कार्यालयातलं कोणी, दोन आशाताई, एवढ्यांना महिन्यातून एकदा चहाला बसवा. मागच्या महिन्यात कोणती पोरगी कुठे अडकली तेवढंच बोला, नाव न घेता. ग्रुप काढला तर त्यात पोरीचं नाव, कागद, फोटो काहीही टाकायचं नाही असा नियम पहिल्या दिवशीच करा. गावागावातली ग्राम बाल संरक्षण समिती, म्हणजे सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, यांना या लोकांचे चेहरे दाखवा, कारण रात्री अकराला माणूस ओळखीच्यालाच फोन करतो. मग एक यादी: रात्री ड्युटीवर महिला डॉक्टर कुठे मिळते, गाडी कोण देतं, पावरी-भिली बोलणारी बाई कोण, सुट्टीच्या दिवशी बालकल्याण समितीचे कोणते सदस्य फोन उचलतात. ती ठाण्यात, दवाखान्यात आणि शाळेत भिंतीवर लावा आणि दर जूनला नवी करा, कारण मे महिन्यात बदल्या होतात आणि जुने नंबर कामाचे राहत नाहीत.